एका 'टू'ची गोष्ट

बॉस घाईत काहीतरी पुटपुटतो, आपण अर्धंच ऐकतो नि 'ओके सर' म्हणून मोकळे होतो. फार तर काय, मेल भलत्याच क्लायंटला जातो. 19 फेब्रुवारी 1989 ला मात्र असंच एक 'ओके' चार जणांच्या जिवावर बेतलं.

फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग 747 सिंगापूरहून क्वालालंपूरला चाललं होतं. कंट्रोलर म्हणाला, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो.' त्याला म्हणायचं होतं 2400 फूट. कॅप्टनला वाटलं, हा 'टू' म्हणजे 'पर्यंत'. तो म्हणाला, 'ओके, फोर झीरो झीरो.' म्हणजे चक्क 400! कंट्रोलरने टोकलंच नाही. विमान 437 फुटांवर डोंगराला धडकलं.

तपासात चूक दोन्हीकडची निघाली. कंट्रोलरने सरळ 'टू थाउजंड फोर हंड्रेड' म्हणायला हवं होतं. आणि ढगात, डोंगराळ भागात 400 फूट? क्रूला शंका यायला हवी होती की नाही?

मला खरी छळते ती पुढची गोष्ट. जमीन जवळ आल्याचा अलार्म कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा ओरडत होता, 'पुल अप!' व्हॉइस रेकॉर्डरवर तो स्वच्छ ऐकू येतो. तरी विमान वर खेचलं गेलं नाही. (फायर ड्रिलचा भोंगा वाजला की आपणही आधी कॉफी संपवतोच ना?)

आज वैमानिकांना शिकवतात ते असं: ढगात हा अलार्म वाजला की आधी पूर्ण पॉवर, नाक वर. खरा की खोटा, ते नंतर बघू.