यादीतला खंजीर



‘खप हाच वाचकांचा कौल’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. त्यात दाखला दिलेले डोनाल्ड ट्रम्प ज्युनिअर यांचे ‘ट्रिगर्ड’ हे पुस्तक नोव्हेंबर 2019मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत पहिले आले, हे खरेच. पण त्यापुढे खंजिराच्या आकाराची बारीक खूण होती. काही दुकानांकडे घाऊक मागणी आल्याची ती निशाणी. पुढे रिपब्लिकन राष्ट्रीय समितीच्या निवडणूक हिशेबात ‘बुक्स-अ-मिलियन’ या पुस्तकांच्या दुकानसाखळीला मोजलेले सुमारे 94,800 डॉलर सापडले. पुस्तके देणगीदारांना भेट द्यायची होती म्हणे! बिल खरे, पुस्तके खरी, म्हणून विक्रीही खरीच म्हणू. पण पक्षाने घ्यायचे आणि पक्षाच्याच माणसांत वाटायचे, यात वाचक कुठे आला?

अर्थात यादीवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 2015मध्ये रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांचे पुस्तक याच दैनिकाने घाऊक खरेदीच्या संशयावरून वगळले. प्रकाशक हार्परकॉलिन्स आणि अॅमेझॉन या दोघांनीही तसे काही आढळले नसल्याचे सांगितले, आणि पुढच्याच यादीत ते पुस्तक झळकले. वगळले कशावरून, घेतले कशावरून, ते मात्र गुलदस्त्यातच राहिले.

— एक वाचक, सातारा