आपल्या देहाचे आपले माप

शिमग्याच्या आधी चार दिवस हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहावे. गोव्याकडे जाणारा रस्ता आणि रत्नागिरी शहराकडे वळणारा रस्ता तेथे वेगळे होतात, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी हातात पिशव्या घेऊन एस.टी.तून उतरत असतात. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, पण सदऱ्याची खालची दोन बटणे ताणलेली, असा गृहस्थ त्या गर्दीत हमखास दिसतो. त्याला कोणी लठ्ठ म्हणणार नाही. पुढे ऐन चाळिशीत त्याला मधुमेह निघाला, की घरची माणसे चकित होऊन विचारतात, ‘एवढा सडपातळ माणूस, याला साखर झालीच कशी?’

हा घरगुती प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्याचा प्रश्न मानला, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ऑक्सफर्डमधील संशोधनाचा अनुभव गाठीशी घेऊन ते पुण्यास परतले आणि मधुमेही रुग्ण तपासू लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की समोर बसलेला रुग्ण पाठ्यपुस्तकात वर्णिलेल्या रुग्णाशी जुळत नाही. पाश्चात्त्य ग्रंथांतला मधुमेही वयाने प्रौढ आणि देहाने स्थूल. पुण्याचा मधुमेही त्याच्याहून कितीतरी तरुण आणि कृश. अशा वेळी रुग्णाला अपवाद ठरवून पुस्तक खरे मानणे ही आपल्याकडची प्रतिष्ठित रीत आहे. याज्ञिकांनी रुग्ण खरा मानला आणि पुस्तक तपासावयास घेतले.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात शेजारी शेजारी उभे होते डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, ज्याला आपण बॉडी मास इंडेक्स म्हणतो, तो दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. मात्र क्ष-किरण यंत्राने शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या देहात तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठण्यापुरती, अशी मिस्कील कबुलीही त्या टिपणात होती. स्वतःचाच देह पुरावा म्हणून जगापुढे मांडणारा संशोधक विरळा. परंतु त्याच टिपणात एक गंभीर नोंद होती. जन्मतः आपले वजन कमी होते, हेही त्यांनी लिहिले होते.

त्यांच्या कार्याचे मर्म या नोंदीत आहे. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची, गर्भ राहण्यापूर्वीपासून, नोंद ठेवण्यास आरंभ केला. या मातांचे सरासरी वजन होते साधारण ४२ किलो. त्यांच्या पोटी आलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातील अवयव खूपच खुरटलेले होते, पण पाठीवरच्या त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होता. म्हणजे आपले मूल कृश दिसते आणि तरीही मेद घेऊन जन्मास येते. तिठ्यावरच्या त्या गृहस्थाचे पोट वडापावाने वाढले असेलही, पण त्याचा पाया आईच्या उदरात घातला गेला होता.

हे संशोधन वर्षा-दोन वर्षांत आटोपले नाही, हेही सांगितले पाहिजे. तीच मुले सहाव्या वर्षी तपासली, बाराव्या वर्षी तपासली, अठराव्या वर्षी तपासली. अठराव्या वर्षी, खेड्यातल्या या बहुतांशी सडपातळ तरुणांपैकी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळल्या. प्रसिद्धीचा उजेड नसताना एकाच समाजाशी इतकी वर्षे बांधून घेणे, घरोघर पुन्हा पुन्हा जाणे आणि लोकांनी पुन्हा पुन्हा दार उघडणे, याला कार्यकर्त्यांच्या भाषेत संपर्क म्हणतात. तो किती अवघड असतो, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

आता थोडे अप्रिय. आपले माप आपण घ्यावे, परक्याच्या फूटपट्टीने स्वतःस मोजू नये, हे आम्ही नेहमीच म्हणत आलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २००४ साली, २५ ची खूण कायम ठेवून, आशियाई लोकांसाठी २३ ही धोक्याची आणखी एक खूण सुचवली, याचे आम्हास समाधान आहे. परंतु आपले माप म्हणजे आपली स्तुती नव्हे. ते माप आपल्या स्वयंपाकघरातही शिरते. याज्ञिकांच्या अभ्यासातील सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत असते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड अधिक होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी अधिक मेदयुक्त निघाली आणि त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव क्षीण आढळला. शाकाहाराचा अभिमान अवश्य बाळगावा. पण घरचे दूध डेअरीला आणि उरलेले मुलग्याला, अशी वाटणी असेल, तर तो शाकाहार नव्हे, ती उपासमार आहे आणि ती ठराविक ताटांतच वाढली जाते. उलट ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा येत होते, त्यांची बाळे आकाराने चांगली भरली.

गर्भसंस्कारावरील व्याख्यानांना आज सभागृहे भरतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटात होते. सोळाव्या वर्षी ती मुलगी काय जेवत होती, हे मात्र कोणी विचारत नाही. याज्ञिकांनी २०१२ पासून पहिल्या अभ्यासातील मुलामुलींनाच, ते आईबाप होण्याच्या आधीपासून, बी-१२ देऊन पाहिले, ते याच कारणाने. गर्भ राहिल्यावर सुरू केलेली काळजी उशिराची ठरते.

कोकणाला यासाठी पुण्याकडे पाहत बसण्याचे कारण उरलेले नाही. हातखंब्याहून त्याच महामार्गाने संगमेश्वर ओलांडून उत्तरेकडे गेले, की सावर्ड्याजवळ डेरवण लागते. तेथील वालावलकर रुग्णालयाने ग्रामीण कोकणातील १६ ते १८ वर्षांच्या १,५२० मुलींची तपासणी करून दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला. त्याचा आराखडा २०२० साली प्रसिद्ध झाला. चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर घर चालवणाऱ्या आणि शेत एकटीने कसणाऱ्या कोकणी बाईच्या लेकीचे वजन, उंची, रक्त आणि आहार शास्त्राच्या वहीत येत आहे.

आपल्या आरोग्य शिबिरांत वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र असते. हातखंब्यात किंवा कोणत्याही गावी पुढचे शिबिर भरेल, तेव्हा शिंप्याकडची एक मोजपट्टीही बरोबर न्यावी. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे असेल, तर वजन कितीही कमी भरो, त्यास साखर तपासून घेण्यास सांगावे. आणि घरातील थोरल्या मुलीला बाजूला बसवून, आईच्या देखत, एवढेच विचारावे, की काल दिवसभरात तू दूध किंवा दही घेतलेस का, आणि घरात शेवटी कोण जेवले?