ऐकणारे कान

वार्धक्याविषयीची मराठी नाटके शिकवताना आम्हांला दरवर्षी एकच अनुभव येतो. ‘नटसम्राट’ (१९७०) चर्चेला आले की विद्यार्थी तत्काळ निवाडा देतात : मुले कृतघ्न निघाली. हा निवाडा सोयीचा आहे. त्यात दोषी सापडतो आणि वाचणारा सुटतो.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ ही सोय आपल्याला देत नाही. नाना-नानींची मुले दुष्ट नाहीत. एक अमेरिकेत स्थिरावला आहे. दुसरा सैन्यात आहे आणि त्याला ते गमावून बसतात. घर आहे, एकमेकांची सोबत आहे. तरीही दारी आलेला परकाही त्यांना हवाहवासा वाटतो. येथे शिक्षा कोणाला करावी?

एकत्र कुटुंब मोडल्याचे हे फळ, असे कोणी म्हणेल. पण महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील (१९८५) दादी भरल्या वाड्यात राहते, आणि तरीही किती वाजले म्हणून पुन्हापुन्हा विचारीत असते. माणसे भोवती आहेत. त्या प्रश्नापाशी क्षणभर थांबणारे कोणी नाही. आमच्या मते वार्धक्यातील एकाकीपणाचे मूळ या न ऐकले जाण्यात आहे. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यान्वये न्यायाधिकरण मुलाला दरमहा रक्कम द्यायला लावू शकते. वडिलांची तीच जुनी आठवण दहाव्यांदा ऐकून घे, असा हुकूम मात्र देऊ शकत नाही.

मरणोत्तर काय, हा प्रश्नही याच अंगाने पाहण्याजोगा आहे. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मधील (१९७४) भाऊराव मेल्यावरही कीर्तनकाराच्या थाटात बोलतच राहतात. त्यांचा हट्ट मोक्षाचा नाही. दहन जुन्या स्मशानातच व्हावे, एवढाच आहे. वर्ग हसतो, आम्हीही हसतो. हसू ओसरल्यावर जाणवते की या मृताला परलोकाहून आपल्या माणसांनी आपले ऐकणे अधिक मोलाचे वाटते.

आणि आपण ऐकतो, पण केव्हा? दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट पाहतो. तो शिवला नाही की तर्क सुरू होतात : काय मागे राहिले असेल? धाकटीच्या लग्नाची काळजी? गावाकडच्या घराची? एकेक जण पुढे होऊन हात जोडतो, शब्द देतो. एका माणसाच्या मनात काय होते, याचा इतका कसून शोध त्याच्या हयातीत कोणी घेतलेला नसतो.

आम्ही चाळिशी ओलांडलेले अध्यापक आहोत. घरी फोन करतो. गोळ्या घेतल्या का, वीजबिल भरले का, एवढे विचारून दोन मिनिटांत ठेवतो. मग वर्गात जाऊन गणपतराव बेलवलकरांच्या मुलांना दोष देतो. घाटावरचा तो प्रश्न निदान एकदा त्या फोनवर विचारावा, असे आताशा आम्हांला वाटू लागले आहे. उत्तर द्यायला अजून कावळ्याची गरज पडलेली नाही.