स्वमतही विकत मिळते!

दहावीची परीक्षा जवळ येऊ लागली की पुस्तकांच्या दुकानांत पाठ्यपुस्तक मागे पडते आणि गाईड, डायजेस्ट व ‘अपेक्षित’ प्रश्नसंच यांच्या राशी पुढे येतात. राज्य मंडळाच्या या परीक्षेस दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलेमुली बसतात. एवढ्या मोठ्या समुदायाचा अभ्यास कोणत्या साधनांनी होतो, हा प्रश्न केवळ व्यापाराचा म्हणून सोडून देता येणार नाही.

चांगली पाठ्यपुस्तके सर्वांस स्वस्तात मिळावीत म्हणून १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजेच आजची ‘बालभारती’, स्थापन झाले. आज तिची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. असे असता, त्याच पुस्तकातील प्रश्नांची उत्तरे छापणारे गाईड अधिक किमतीस का खपावे? याचे कारण मुलांच्या आळसात नसून परीक्षेच्या घडणीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निकालांचे आकडे पाहावेत. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील अंतर्गत गुण वगळले गेले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर चढला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाची प्रश्नपत्रिका रद्द झाली, हे खरे. तरीही दोन वर्षांत मुलांचे ज्ञान एवढे घटले आणि पुन्हा एवढे वाढले, असे कोण म्हणेल? यश ज्ञानापेक्षा प्रश्नपत्रिकेच्या साच्यावर अवलंबून आहे, हे पालकांनी ओळखले आहे. म्हणूनच ते साचा विकणाऱ्याच्या दारी जातात.

घोकंपट्टीस आळा बसावा म्हणून भाषाविषयांत कृतिपत्रिका आली व तीत ‘स्वमत’ मांडण्याचे प्रश्न आले. हेतू उत्तम होता. परंतु बाजाराने स्वमताचीही तयार उत्तरे छापली! पंधरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्याचे मत स्वतःचे म्हणून पाठ करावे, याहून शिक्षणाची मोठी विटंबना ती कोणती?

तथापि गाईडांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी शिकलेले कोणी नाही आणि शिकवणीची फी ज्यास परवडत नाही, त्यास अडलेले गणित सोडवून दाखवणारे गाईड हाच शिक्षक असतो. त्याच्या हातचा आधार काढून घेण्यापूर्वी अधिक चांगला आधार द्यावयास हवा.

तो देणे शासनास अशक्य नाही. २०२१ साली, कोरोनाच्या काळात, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विषयवार प्रश्नपेढ्या विनामूल्य उपलब्ध केल्याच होत्या. संकटकाळी जे साधले ते नित्याचे व्हावे आणि अधिक पूर्ण व्हावे. गणिताला पायरीपायरीने सोडवलेली उदाहरणे हवीत. विज्ञानाला आकृत्या व प्रयोगांची उजळणी हवी. भूगोलाला नकाशे हवेत. भाषेला मात्र तयार निबंध नकोत, तर निरनिराळ्या मुलांनी लिहिलेली उत्तरे व त्यांस किती गुण का मिळाले याचे विवरण हवे. हे साहित्य छापील स्वरूपात प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात पोचले पाहिजे. कारण मोबाईल घरी असला तरी तो मुलाच्या हाती अभ्यासाच्या वेळी असेलच, असे नाही.

उजळणी म्हणजे उजळणे. भांडे घरात असेल तरच ते घासूनपुसून लख्ख करता येते. वर्षभर वर्गात जे मुलाच्या पदरी पडलेच नाही, ते परीक्षेच्या आदल्या महिन्यात कोणतेही ‘अपेक्षित’ उजळू शकणार नाही. मंडळाने प्रश्नांचा साचा मोडावा आणि शासनाने शिक्षकांस अन्य कामांतून मोकळे करून वर्गात राहू द्यावे. एवढे झाले तर गाईडांचे राज्य बंदीवाचूनही ओसरेल.