न चढणाऱ्यांचा डोंगर

सहलीचे दिवस जवळ आले कीं आमच्या शाळेंत दरवर्षीं एकच वाद माजतो. वरच्या वर्गांतील धट्टींकट्टीं मुलें कळसूबाईचें नांव घेतात, कोणी हरिश्चंद्रगडाचें घेतो, कोणी राजगडाचें. आणि मागच्या बांकांवर दोन-चार विद्यार्थी गप्प बसून राहतात. त्यांपैकीं एकास दम्याचा विकार असतो, एकाचा पाय लहानपणापासून अधू असतो, आणि एकास कसलाही विकार नसून केवळ चढण्याची हौस नसते. मतें घेतलीं जातात, बहुमत गडाच्या बाजूनें पडतें, आणि सहलीच्या दिवशीं ह्या दोन-चार जणांच्या घरून प्रकृति ठीक नसल्याची चिठ्ठी येते. पुढें महिनाभर वर्गांत त्या सहलीच्याच गोष्टी चालतात. त्या ह्यांनीं ऐकावयाच्या. आम्हांस ही पद्धत पसंत नाहीं, आणि तिच्याविरुद्ध चार शब्द लिहावे म्हणून वार्षिकाचीं हीं पानें आम्हीं संपादकांपाशीं मागून घेतलीं आहेत.

प्रथमच सांगून टाकतों कीं, गड चढण्यास आमचा विरोध नाहीं. कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट उंच, सबंध महाराष्ट्रांत त्याहून उंच जागा नाहीं. ज्यांच्या छातींत दम आहे त्यांनीं तें अवश्य गांठावें. आमचा आक्षेप आहे तो डोंगर म्हणजे केवळ चढण्याची वस्तु, ह्या समजुतीवर. डोंगरावर गेल्यानें मनुष्यास जें लाभतें, तो पहांटेचा गारवा, पायांखालीं पसरलेला मुलूख, शेतांवरून सरकत जाणारी ढगांची सावली, रात्रीं दूर खालीं लुकलुकणारे गांवचे दिवे, ह्यांतील कितीसें पायांच्या श्रमांवर अवलंबून आहे? घामाघूम होऊन वर पोहोंचलेला मुलगा पुष्कळदां पांच मिनिटें वारा घेतो, छायाचित्रें काढितो, आणि उतरण्याची घाई करितो. त्यानें डोंगर जिंकला हें खरें. पण पाहिला किती, हा प्रश्न उरतोच.

शिवाय ज्यांस आपण थंड हवेचीं ठिकाणें म्हणतों तीं मुळांत वसलीं कोणासाठीं, हेंही लक्षांत घ्यावें. महाबळेश्वर १८२८ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत वसविलें गेलें, तें आजारी गोऱ्या अंमलदारांस व शिपायांस हवापालट व्हावा म्हणून. पांचगणीची कोरडी हवा मानवते म्हणून पुढें क्षयाचे रोगी तेथें नेऊन ठेवीत. म्हणजे आपल्या डोंगरांवरील हीं गांवें बलवानांनीं बलवानांसाठीं वसविलेलीं नसून, ज्यांस चार पावलें टाकतांना धाप लागे अशांसाठीं वसलेलीं आहेत. तेथें आज अधू पायाचा विद्यार्थी किंवा साठी उलटलेली आजी गेली, तर तीं परक्याच्या घरांत शिरलीं असें होत नाहीं.

आतां मित्रमंडळींसह, न चढतां, डोंगरावर चार दिवस काढावयाचे तर कोठें जावें? आमच्या मतें ह्या कामास माथेरानासारखें दुसरें ठिकाण आपल्या प्रांतांत नाहीं. उंचीनें तें मोठें नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांच्या नजरेस तें आलें असें पुस्तकांत लिहितात. अर्थात् डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या धनगर, ठाकर व कातकरी लोकांस तें त्यापूर्वीं ठाऊक नव्हतें असें नव्हे. नेरळ स्टेशनापासून वर जाणारी आगगाडी १९०७ सालीं सुरू झाली. ती मुंबईच्या आदमजी पीरभाय घराण्यानें स्वतःच्या पैशानें बांधविली. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. डबे इतके लहान कीं समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांस लागतात. सुमारें तेरा मैलांची ही वाट गाडी अडीच तासांच्या आसपास वेळ घेऊन, वळणें घेत, कुरकुरत चढते. जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप हीं वाटेंतलीं स्टेशनें, आणि बोगदा एकुलता एक. २००५ च्या अतिवृष्टीनें हा मार्ग उखडला, तो २००७ त पुन्हां सुरू झाला. २०१९ च्या पावसानें पुन्हां बिघडला, त्यानंतर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी सुटली नाहीं. इतक्या वेळां मोडूनही ती पुन्हां उभी केली जाते, ह्यावरूनच लोकांस तिची किती गरज वाटते तें दिसतें. कारण डोंगर चढतांना जी मजा चढणाऱ्यास मिळते, ती, म्हणजे एकेका वळणावर खालचें गांव लहान लहान होत जाणें, ही गाडी बसल्या जागीं देते. आणि शेजारीं मित्र असला तर त्या मजेंत वांटेकरीही मिळतो.

माथेरानाचा दुसरा गुण असा कीं वर मोटारी नाहींत. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडल्यास त्यांनीं दस्तुरी नाक्यावर थांबावयाचें, असा तेथील जुना दंडक आहे. ह्या एका गोष्टीनें गांवाची चालच बदलून गेली आहे. तांबड्या मातीच्या वाटा, वर जांभळीची व अंजनीची दाट छाया, फांदीवरून फांदीवर झेपावणारें शेकरूं, आणि हातांतील पिशवीवर डोळा ठेवून बसलेलीं माकडें. मागून भोंगा वाजत नाहीं, त्यामुळें चौघांस ओळीनें न चालतां बरोबरीनें चालतां येतें. कदाचित् वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु गड चढतांना वाट अरुंद असते, पुढचा पुढें जातो, मागचा मागें राहतो, आणि दोन मित्रांची गांठ पडते ती एकदम माथ्यावर, तीही बोलण्याइतका श्वास उरला तर!

येथें एका अवघड प्रश्नाकडे वळलें पाहिजे, कारण तो टाळून हा विषय लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जो स्वतः चढत नाहीं, त्यास चढवितो कोण? जुन्या काळीं साहेबलोक पालखींतून वर जात, तेव्हां पालखीखालीं खांदे दुसऱ्यांचे असत. माथेरानांत हीच प्रथा हातरिक्षेच्या रूपानें अगदीं आपल्या काळापर्यंत चालत आली. आंत एक वा दोन माणसें बसलेलीं, पुढें एक ओढणारा, चढ आला कीं मागून ढकलणारे एक-दोघे, आणि पाऊस असो कीं ऊन, त्या तांबड्या वाटेवर त्यांची धाप ऐकूं येई. तेथीलच एका निवृत्त शिक्षकानें ह्या रिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूनें न्यायालयांत दाद मागितली, हें आमच्या पेशास भूषण होय. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग २०२२ च्या डिसेंबरांत सुरू झाला. घोडेवाल्यांचा त्यास विरोध होता, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नव्हता. पुढें २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची ही रीत सहा महिन्यांत बंद करावी, आणि ओढणाऱ्यांस विजेच्या रिक्षा मिळतील अशी योजना सरकारनें करावी, असें फर्माविलें. आमचें मत विचाराल तर, ज्यास चालवत नाहीं त्यानें आगगाडीनें जावें, विजेच्या रिक्षेनें जावें, घोडा धडधाकट असेल व घोडेवाला त्यास मारीत नसेल तर घोड्यावर बसावें. पण दुसऱ्याच्या फुप्फुसांवर आपली विश्रांति उभारूं नये. आणि सामान डोक्यावरून नेणाऱ्या हमालाशीं दहा रुपयांसाठीं घासाघीस करणाऱ्या गृहस्थांनीं डोंगराच्या शांततेविषयीं बोलूं नये हें बरें.

डोंगरावर न चढणारे लोकही एक चूक हटकून करितात. वर पोहोंचतांच ते 'पॉइंटां'ची यादी मागतात. सकाळीं सात, दुपारीं पांच, असे बारा पॉइंट एका दिवसांत 'उरकले' म्हणजे पैसे वसूल झाले असें त्यांस वाटतें. एको पॉइंटवर दोन हांका मारावयाच्या, लुईझावर छायाचित्र काढावयाचें, कीं चला पुढें! गड चढणाऱ्यास निदान घाम तरी येतो. ह्यांस तोही येत नाहीं, आणि निवांतपणाही मिळत नाहीं. आमचे चार जुने सहाध्यायी आहेत. एकाचे गुडघे दुखतात, एकास रक्तदाब आहे, एकाचें पोट त्याच्यापुढें चार अंगुळें चालतें, आणि चवथा तरतरीत असूनही आमच्यासाठीं मागें राहतो. आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदां माथेरानास जातों, आणि आमचा नियम एवढाच कीं दिवसाला एकच जागा. एके दिवशीं शार्लट तळें. गांवास पिण्याचें पाणी देणाऱ्या ह्या तळ्याच्या कांठीं पिसारनाथाचें देऊळ आहे, तेथें झाडाखालीं बसलें कीं दुपार कशी निघून जाते तें कळत नाहीं. दुसरे दिवशीं पश्चिमेच्या कड्यावर जाऊन समोरचा प्रबळगड पहात रहावयाचें. सकाळीं तो धुक्यांत तरंगत असतो, दहा वाजतां त्याच्या कपारी मोजून घ्याव्या इतक्या स्पष्ट होतात, आणि संध्याकाळीं तो निळा होऊन सपाट कागदासारखा दिसतो. डोंगर एका दिवसांत इतकीं रूपें घेतो हें बारा पॉइंट पाहणाऱ्यास कधींच कळावयाचें नाहीं, कारण त्यास प्रत्येकाचें एकच रूप पहावयास मिळतें. रात्रीं ओसरीवर बसून होणाऱ्या गप्पांविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. विद्यार्थ्यांनीं त्या वाचल्यास आमची जरब कमी होईल.

आमचे कांहीं तरुण सहकारी म्हणतात कीं, अशी सुखवस्तु सहल मुलांस आळशी करील; श्रमावांचून मिळालेल्या दृश्यास गोडी नाहीं. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पंधरा वर्षांच्या निरोगी मुलानें आयुष्यभर गाडींत बसूनच डोंगर पहावे असें आम्ही केव्हांही म्हणणार नाहीं. पण दमेकरी मित्राच्या चालीनें एक मैल चालणें, तो थांबला कीं 'चल ना!' न म्हणतां आपणही थांबणें, आणि तो शरमूं नये म्हणून आपल्यालाच झाडावरचें शेकरूं पहावयाचें होतें असें दाखविणें, ह्यांत श्रम नाहींत असें ज्यांस वाटतें, त्यांनीं तें एकवार करून पहावें. चपळ मुलास स्वतःचे पाय आवरून धरणें हें गड चढण्याहून कठीण जातें, हें आम्हीं मैदानावर व मैदानाबाहेर वीस वर्षें पाहिलें आहे.

पालकांसही एक विनंति करावीशी वाटते. घरांतून सहलीस जातात तीं मुलें आणि पुरुष. आई मागें राहते, आजी तर विचारांतच घेतली जात नाहीं. 'तिला कुठें चढवतें?' एवढ्या एका वाक्यांत तिचा निकाल लागतो. मुंबईहून वा पुण्याहून नेरळ कांहीं तासांच्या अंतरावर असतां, जन्म सह्याद्रीच्या पायथ्याशीं जाऊनही त्याच्या माथ्यावरून एकदांही खालीं न पाहिलेल्या किती माउल्या आमच्या पालकवर्गांत असतील! त्यांना कोणी विचारलेंच नाहीं, म्हणून त्यांनींही कधीं मागितलें नाहीं.

यंदाच्या सहलीसाठीं म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यांस गड चढावयाचा आहे त्यांची एक तुकडी खुशाल जावो. पण शाळेची म्हणून जी सहल निघेल, ती जेथें प्रत्येक विद्यार्थी येऊं शकतो अशाच जागीं निघावी. माथेरानच ठरल्यास पावसाळा संपल्यावरचा काळ उत्तम. पावसाळ्यांत नेरळहून गाडी बंद असते, मात्र दस्तुरीजवळील अमन लॉज स्टेशनापासून माथेरानापर्यंतची छोटी फेरी तेव्हांही चालते, आणि ज्यांस वळणांच्या घाटांत मळमळतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं नेरळहून दस्तुरीपर्यंत तेव्हां मोटारीनेंच जावें लागतें. शनिवार-रविवार टाळावे; त्या दिवशीं गाडीचीं तिकिटें मिळणें दुरापास्त. दमेकऱ्यांनीं औषध जवळच्या पिशवींत घ्यावें, ट्रंकेंत नव्हे, आणि कोरड्या दिवसांत तांबडी धूळ फार उडते म्हणून नाकावर बांधावयास रुमाल ठेवावा. उतरण्याची जागा स्टेशनापासून जवळ आणि तळमजल्यावर आहे ना, आजीबाईंस दुपारीं पडावयास सावलीची खोली मिळेल ना, हें आगाऊ विचारून घ्यावें. पोहोंचल्यावर विचारल्यास सर्वच व्यवस्थापक 'हो' म्हणतात.