रिकामी जागा आधी आखा

भविष्यातल्या बहुउद्देशीय युद्धनौकेचे मॉडेल म्हटले की आराखड्यात डेकवर तीळ ठेवायलाही जागा उरत नाही. नाळेवर तोफ, तिच्यामागे क्षेपणास्त्रांची झाकणे, मग लेझर, मागे ड्रोनचा डेक, आणि कुठे कोपरा राहिलाच तर आणखी एक तोफ. जहाजाने सगळी कामे करायची, म्हणून सगळी हत्यारे एकदमच चढवायची, असा हा हिशेब. आमच्या मते तो मुळातच चुकतो. एक सामान उतरवून दुसरे किती सहज चढवता येते यावर नौकेचे बहुउद्देशीयपण ठरते. त्यासाठी जागा, वजन आणि वीज ही तिन्ही शिल्लक असावी लागतात.

डेन्मार्कच्या नौदलाने १९८० च्या दशकात हे ओळखले. फ्लूवेफिस्केन वर्गाच्या जेमतेम ५४ मीटर लांबीच्या नौकांवर त्यांनी चार खाचे ठेवले, एक पुढे आणि तीन मागे. खाच्यात बसणारी पेटी ३ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, २.५ मीटर उंच. तिच्यात तोफ असो, क्षेपणास्त्रे असोत की सुरुंग शोधण्याची सामग्री, माप तेच आणि जोडण्याही त्याच. १:१०० च्या मॉडेलमध्ये ही पेटी ३ बाय ३.५ बाय २.५ सेंटिमीटरची होते, म्हणजे चिमटीत धरून बदलता येईल एवढी. पुढे आब्सालोन वर्गात त्यांनी हेलिकॉप्टर डेकखाली ९०० चौरस मीटरांहून मोठा मोकळा डेकच ठेवला आणि गाड्या आत याव्यात म्हणून मागे रॅम्प दिला.

यावर हमखास येणारा आक्षेप अमेरिकेच्या लिटोरल कॉम्बॅट शिपचा. पेट्या बदलण्याची कल्पना तिथे फसली, मग आपण ती का गिरवायची? फसली हे खरेच. २०१६ मध्ये अमेरिकी नौदलाने प्रत्येक जहाजाला एकच काम नेमून दिले, आणि पाणबुडीविरोधी संच पुढे सोडूनच दिला. पण दोष खाच्यांचा नव्हता. ४० नॉट्स वेगाच्या हव्यासापायी इंजिनांनी जागा आणि वजन खाल्ले, आणि जहाजे पाण्यात उतरली तरी संच तयारच नव्हते. डेन्मार्कने मात्र छोट्या, आटोपशीर पेटीपासून सुरुवात केली होती.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेच्याच झुमवॉल्ट वर्गाचा. ३२ विनाशिकांची योजना ३ वर आली, आणि तिच्या १५५ मिलिमीटर तोफांचा खास गोळा इतका महाग पडू लागला की २०१६ मध्ये त्याची खरेदीच रद्द झाली. तोफा शोभेच्या उरल्या. तरीही जहाज भंगारात गेले नाही, कारण आत ऐसपैस जागा होती आणि सुमारे ७८ मेगावॉट वीज होती. तोफेच्या जागी आता अतिस्वनातीत (हायपरसॉनिक) क्षेपणास्त्रांची मोठी नळकांडी बसवली जात आहेत. ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांना असे नशीब लाभले नाही. उष्ण पाण्यात त्यांची वीजयंत्रणा कोलमडू लागली, तेव्हा दोन डिझेल जनरेटर काढून तीन मोठे बसवायला जहाजाची कूसच कापावी लागली.

कल्पनेतल्या जहाजाला एवढा हिशेब कशाला, असेही कुणी म्हणेल. शोकेसमध्ये ठेवायचे असेल तर नको; पण पाण्याला कल्पना कळत नाही. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आलेली ‘निलगिरी’ घ्या: लांबी १४९ मीटर, विस्थापन सुमारे ६,६७० टन. १:१०० मध्ये ती दीड मीटरची होते, पण वजन घनाने घटते, त्यामुळे जलरेषेवर तरंगायला मॉडेलचे एकूण वजन पावणेसात किलोच्या आत हवे. बॅटरी, मोटर, रिसीव्हर, रंग, सगळे धरून. १:३५० मध्ये तर हा आकडा जेमतेम १५५ ग्रॅमवर येतो. इथे वरच्या इमारतीला जाड पत्रा वापरला आणि त्यावर दोन जास्तीच्या तोफा ठेवल्या, की गुरुत्वमध्य वर सरकलाच. डोलण्याचा वेळ मापाच्या वर्गमुळाने घटतो. खऱ्या जहाजाला दहा सेकंद लागत असतील, तर १:१०० च्या मॉडेलला एकच. टबात बोटाने कडा दाबून सोडा. मॉडेल सावकाश, आळसावल्यासारखे सरळ होत असेल, तर डोके जड झाले आहे असे समजा.

रिकामा डेक प्रदर्शनाच्या टेबलावर उठून दिसत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून एकाच हलसाठी तीन-चार पेट्या बनवा आणि न बसवलेल्या पेट्या शेजारी मांडा. प्रत्येक पेटी खऱ्या वजनाच्या प्रमाणात जड हवी, नाहीतर बदलून काय बिघडते ते कळणारच नाही.

यापुढे आमच्याकडे आराखडा पाठवताना सोबत वजनाचा तक्ता जोडा, आणि त्यात ‘शिल्लक’ हा रकाना कोरा सोडू नका.