मनी, पिसवा आणि आपली अहिंसा



मागच्या भाद्रपदात आमच्या मनीच्या पाठीवरचे, शेपटीजवळचे केस जायला लागले. आधी वाटले, पावसाळा आहे, झडत असतील. मग मांडीची आतली बाजू गुळगुळीत झाली. एक दिवस दशलक्षणाची पूजा आटोपून घरी आले, तर ही ओसरीवर बसून आपलीच कातडी दातांनी कुरतडत होती. जागा लाल आणि ओली. शेजारच्या काकू म्हणाल्या, उष्णता झाली असेल, हळद-तेल लाव. लावले. तिने तेही चाटून टाकले.

मनी आम्ही आणलेली नाही. जवळच्या धानाच्या गोदामातून पिल्लू असताना आली आणि राहिली. श्रावकाचारात मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणे अनर्थदंडात धरले आहे, म्हणून आपल्या घरांत मांजर कोणी 'पाळत' नाही, ते 'येते'. पण दोन वर्षे आपल्या ओसरीवर झोपणारे, आपल्या हाक मारण्यावर येणारे मांजर आलेले की पाळलेले? हिशेब मांडायचा झाला तर मला ते पाळलेल्याच्याच खात्यात टाकावे लागते.

तरी मी महिनाभर तिला डॉक्टरांकडे नेले नाही. कारण लिहायला लाज वाटते. पिसवा असतील, डॉक्टर पिसवा मारायचे औषध देतील आणि पर्वाच्या दिवसांत ते माझ्या हातून व्हायला नको, असे मनात होते. आधी पर्व, मग क्षमावाणी, मग पाहुणे. तेवढ्यात पाठीवर रुपयाएवढी जखम झाली.

शेवटी नेले. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-शेळ्यांच्या रांगेत पिशवीत मांजर घेऊन मी एकटीच. डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीने केस विंचरले, काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले. कणांभोवती तांबूस रंग पसरला. ती माती नव्हती, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे मनीचेच पचलेले रक्त. मी म्हटले, अहो, मला तर एकही पिसू दिसली नाही. ते म्हणाले, दिसणार कशी, ती चाटून गिळते ना.

हे मला आधी कळायला हवे होते. काही मांजरांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते. दोन-चार चावे पुरतात, मग खाज थांबत नाही. आणि मी ज्या पिसवांना वाचवत होते, त्या रोज मनीच्या जिभेवर मरतच होत्या. शिवाय गिळलेल्या पिसूतून मांजराच्या पोटात पट्टकृमी होतात. म्हणजे माझ्या महिनाभराच्या 'अहिंसे'त पिसूही वाचली नाही आणि मांजरही नाही.

जू, मुंगी, ढेकूण त्रींद्रिय आहेत, पिसूलाही मी त्यांच्याच रांगेत धरते. मनी पंचेंद्रिय. मोठ्यासाठी लहानाला मारले तर दोष नाही, असे मी म्हणणार नाही. दोष आहेच. पण जीवोत्पत्ती होऊ न देणे ही आपल्याच घरातली शिकवण आहे. धान्य आपण उन्हे देऊन ठेवतो ते त्यासाठीच ना? पिसूची अंडी मांजराच्या अंगावरून घरात गळतात, गादीत, सतरंजीत, फटीत वाढतात. कोशातली पिसू तर अनेक आठवडे दबा धरून राहते. म्हणून रोजचा केर, मनीच्या अंथरुणाची दर आठवड्याला धुलाई आणि ऊन, हे वेळेवर केले असते तर औषधाची वेळ इतकी वाढली नसती. मी औषध दिले. महिन्यातून एकदा मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे थेंब टाकायचे. त्याचा दोष माझ्या नावावर घेतला आहे आणि प्रतिक्रमणात म्हणते.

इथे एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे. कुत्र्याची पिसू-पावडर किंवा थेंब मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असले तर मांजराला झटके येऊन जीव जातो. माणसांची पॅरासिटामॉल तर अजिबात नको, एक गोळीही घातक. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी विषबाधा होऊ शकते. मांजराचे यकृत या वस्तू आपल्यासारख्या पचवून बाहेर टाकू शकत नाही. आपण कनवाळूपणाने जे घरगुती लावतो त्याने जास्त मांजरे मरतात, असा माझा संशय आहे.

सगळेच पिसवांचे नसते. गजकर्ण, खरजेचे किडे, खाण्याची ॲलर्जी यांनीही हेच होते. नुसते पोट चाटत असेल तर मूत्राशय दुखत असू शकते. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतो आणि थेंबही होत नाही, तर त्याच दिवशी न्यायचे, सकाळची वाट बघायची नाही. घरात बाळ आले, पाहुणे राहिले, फटाके वाजले, दारात दुसरा बोका येऊन बसायला लागला, तरी मांजर घाबरून चाटत राहते. पण 'टेन्शन आहे' हे निदान बाकी सगळे तपासून झाल्यावरचे. एका मैत्रिणीने ते आधीच ठरवून टाकले होते, आणि निघाले गजकर्ण, तेही नातवाच्या हाताला उठल्यावर. इथे निदान लागत नसेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही.

आणि दर वेळी 'खाज थांबायचे इंजेक्शन द्या' असा हट्टही धरू नये. स्टिरॉइडने खाज लगेच थांबते, कारण तसेच राहते आणि वारंवार घेतले तर मधुमेहाचा धोका. चाटते म्हणून रागावणे, मारणे याने तर ती लपून चाटते.

आता अवघड भाग. डॉक्टरांनी विचारले, खायला काय देता? मी अभिमानाने सांगितले, दूध-पोळी, आमच्या घरात दुसरे काही येत नाही. ते हसले नाहीत, एवढे बरे. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य खाण्यातूनच लागते आणि ते मांस-मासळीत असते. ते न मिळाल्याने मांजराचे हृदय निकामी होते, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. डोळेही जातात. दूध मोठ्या मांजराला नीट पचतही नाही. कातडी रुक्ष होण्यात माझ्या दूध-पोळीचाही हात होता.

कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही मला ठाऊक आहेत. मासळीचे पाकीट विकत आणणे म्हणजे दोष नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोधही आहे, आपल्या आश्रयाला असलेल्या जीवाला त्याचे अन्न न देणे. मनीने काही व्रत घेतलेले नाही. घेतले आहे ते मी, आणि माझे व्रत तिच्या पोटावर लादायचा मला अधिकार नाही. ज्यांच्याने हे होणार नाही त्यांनी मांजर समजदार घरी द्यावे, मी त्यांना नावे ठेवणार नाही. ठेवून घ्यायचे आणि उपाशी मारायचे, हे मात्र नको.

आमच्याकडे पाकीट ओसरीवरच्या पत्र्याच्या डब्यात असते, वेगळा चमचा, वेगळी वाटी. स्वयंपाकघरात ते येत नाही. मनीची नसबंदीही करून घेतली.

जखम भरायला तीन आठवडे लागले. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली तेव्हा ती दाराच्या चौकटींना धडकत फिरायची आणि माझ्याकडे अशी बघायची की विचारू नका. केस यायला दोन-अडीच महिने. शेपटीजवळ एक जागा अजून विरळ आहे. कॅलेंडरवर अष्टमी-चतुर्दशीला मी खूण करते, त्याच्या शेजारी आता मनीच्या थेंबांचीही तारीख असते. तिथी आणि ती तारीख एकाच दिवशी आली तर थेंब एक दिवस पुढे, महिनाभर नाही.